ज्यात विचारता येतं असं पुस्तक

मी बौद्ध नाही. आमच्या घरी देव्हारा आहे, त्यात खंडोबाचा टाक आहे, आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य न चुकता करणारी मीच आहे. तरीही नवख्या माणसाला बुद्ध वाचायचा असेल तर त्याच्या हातात काय द्यावं आणि काय देऊ नये, हे मी इथं ठासून सांगणार आहे. 'तुम्हाला काय अधिकार?' हा प्रश्न मला गावानं विचारून झाला, बौद्ध वस्तीनं विचारून झाला, घरात तर तो चहाबरोबर येतो. अधिकार एवढाच, की नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या एका गावात मी ग्रंथपाल आहे आणि मागेल त्याला पुस्तक शोधून देणं हे माझं काम आहे. ज्यांना हे पुरेसं वाटत नसेल त्यांनी पान उलटून पाककृती वाचाव्यात. मी रागावणार नाही, पाककृती मीही आधी वाचते.

ग्रंथपाल म्हटलं की शहरातल्या माणसाला संगणकामागे बसलेली गंभीर बाई दिसते. मी सकाळी कुलूप काढते, झाडलोट करते, पाण्याचा माठ भरते आणि वर्तमानपत्रं टेबलावर पसरते. मग गावातली ज्येष्ठ मंडळी येतात, कांद्याचे भाव बघतात, सरकारला शिव्या घालतात आणि जाताना पुरवणीतलं राशिभविष्य फाडून नेतात. एवढ्यात संपलं असतं तर बरं होतं. खरं काम पुढं आहे. माणूस पुस्तक मागतो एक आणि त्याला हवं असतं दुसरंच. 'पातळसं काहीतरी द्या' म्हणणाऱ्या बाईला पातळ पुस्तक नको असतं, तिला दुपारी कुणी हाक मारणार नाही असा एक तास हवा असतो. 'कशाला हवंय?' हे पोलिसासारखं न विचारता काढून घेणं, यातच आमच्या धंद्याचं सगळं कसब आहे.

बुद्ध मागणारे माझ्याकडे पूर्वीपासून येतात. स्पर्धा परीक्षेची पोरं येतात, त्यांना बुद्ध तक्त्यात हवा असतो: सत्यं किती, मार्ग किती, परिषदा कुठं भरल्या. सुप्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीतला एकजण सुट्टीला गावी आला की यायचा. तो म्हणाला, "बाई, राग जाईल असं बुद्धाचं काय हाय का?"

"राग कुणाचा?"

"सुपरवायझरचा."

मी एक दिलं. पुढच्या सुट्टीला त्यानं ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "यात सुपरवायझरवर मैत्री करा असं लिव्हलंय. दुसरं द्या."

ही पुस्तकं आमच्याकडे कुठं असायची, तेही सांगते. धर्माच्या कपाटात नाही. तिथं आरत्या, व्रतं, चरित्रं. बुद्धाची पुस्तकं शेवटच्या कपाटात खालच्या फळीवर, जयंतीला बाहेर काढायच्या फोटोफ्रेम आणि पताकांबरोबर. कुणी ठरवून ठेवली नव्हती म्हणे. आपल्याकडे अशा गोष्टी कुणी ठरवत नाही, त्या आपोआप बरोबर तिथंच जाऊन बसतात.

अलका आली ती श्रावणातल्या एका दुपारी. तिशी ओलांडलेली, सातवी झालेली, वर्षातले सहा महिने नवऱ्याबरोबर कारखान्याकडे ऊस तोडायला जाणारी. बौद्ध वस्तीतली, त्यामुळं ओळख होती, पण वाचनालयाची पायरी ती पहिल्यांदाच चढली.

"बाई, पुस्तक पायजे. बुद्धाचं. पर ज्यात इचारता येतं असं."

"पुस्तकात विचारता कसं येईल? पुस्तक वाचायचं असतं."

"मग गुरुजीत अन् पुस्तकात फरक काय?"

मी तिला बसायला सांगितलं. तिनं जे सांगितलं ते असं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. पूर्वी पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहायचे, त्याची ही आठवण. या तीन महिन्यांत वस्तीतल्या विहारात रोज दिवेलागणीला ग्रंथ वाचतात. वाचायला बसायचे ते एक निवृत्त शिक्षक. सगळी वस्ती त्यांना गुरुजी म्हणते, माणूस सज्जन, आवाज खणखणीत. त्या वर्षी बायकांनी विषय काढला होता, की आम्हालाही वाचू द्या. त्यावर होयही नाही आणि नाहीही नाही, असं चाललं होतं. त्यात गुरुजींनी एक जुनं जाडजूड भाषांतर वाचायला घेतलं आणि आदल्या संध्याकाळी त्यात पाच स्कंध आले. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. माणूस म्हणजे या पाचांचा समूह.

"मी इचारलं," अलका म्हणाली, "वेदना म्हंजी दुखनं. मग ज्याचं काईच दुखत न्हाई त्यो मानूस न्हाई का?"

"मग?"

"गुरुजी म्हनले, मधी बोलू नये, ग्रंथाचा अपमान होतो. मी म्हनलं, कळलं न्हाई तर काय करायचं? तर म्हनले, एवढं असेल तर समारोपाला तूच बस वाचायला. हेच पान वाच अन् अर्थ सांग. न्हाई जमलं तर परत बायांनी वाचायचं नाव काढायचं न्हाई."

"आणि तू काय म्हणालीस?"

"बसते म्हनले. त्वांडातून गेलं."

तिच्या एकटीच्या फजितीचा प्रश्न असता तर ती हसून सोडून देणारी बाई होती. पण आता सगळ्या बायकांचं वाचणं तिच्या एका पानावर टांगलं होतं, आणि पौर्णिमा झाली की ऊसतोडीची टोळी हलणार होती. चुकलं तर बाकीच्यांची तोंडं बघायलाही ती इथं नसणार.

मी पदर खोचला. शिकलेली बाई आहे मी, पदवी आहे, ग्रंथालयाचा कोर्स आहे. म्हटलं, हे तर सोपं आहे. "विज्ञान म्हणजे सायन्स. बुद्ध विज्ञाननिष्ठ होते, हे तर शाळेतसुद्धा सांगतात. संस्कार म्हणजे चांगलं वळण. संज्ञा म्हणजे नाव, व्याकरणात असते ती. रूप म्हणजे दिसणं."

अलकानं ते बोटांवर मोजून बघितलं. मग म्हणाली, "बाई, हे तर स्थळ सांगितल्यावानी झालं. पोरगी रूपानं बरी, संस्कार चांगले, सायन्सला हाय."

"आणि वेदना?"

"ती लग्न झाल्यावर."

आम्ही दोघी इतक्या हसलो की कांद्याचे भाव वाचणाऱ्या मंडळींनी माना वळवल्या. पण हसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला या पाचातला एकही शब्द येत नाही. अडचण अशी, की शब्द सगळे मराठीच आहेत. चिनी असते तर निदान येत नाहीत हे कळलं तरी असतं. नवखा मराठी माणूस बुद्धाच्या दारात अडखळतो तो अवघड शब्दाला नाही, ओळखीच्या शब्दाला. हे मी तेव्हापासून कुणालाही सांगते, मग त्यानं विचारलेलं असो वा नसो.

शोध सुरू केला तो शेवटच्या कपाटापासून. एका ग्रंथात एक वाक्य सव्वा पानाचं होतं आणि त्यात क्रियापद शेवटी धापा टाकत येत होतं. एक लहान मुलांचं चित्रमय होतं, म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसलं, राजपुत्र निघाला, संपलं. राजपुत्र निघाल्यावर पंचेचाळीस वर्षं काय बोलत होता, ते त्यात नव्हतं. एका पुस्तिकेत तीन पानं बुद्ध आणि उरलेली पानं दुसऱ्यांना शिव्या. आमच्या, म्हणजे देव्हाऱ्याच्या, बाजूच्या एका पुस्तकात बुद्धाला दोन ओळींत अवतार करून उरकलं होतं आणि पुढं लगेच एकादशीचं माहात्म्य. अलकानं मोबाईलवर शोधलं. तिथं एक जाड आवाजाचा माणूस बुद्धाचे श्रीमंत होण्याचे नियम सांगत होता. दुसऱ्या ठिकाणी कमळाच्या चित्रावर वाक्य होतं: शांत राहा, यश मिळेल.

"हे बुद्ध कुठं म्हणाले?" मी विचारलं.

"खाली लिव्हलंय की. बुद्ध."

"खाली मी माझं नाव लिहिलं तर मी म्हटलेलं होईल का?"

ती म्हणाली, "तुमी येवढं शांत कुठं बोलता?"

पण त्यातून आमची पहिली कसोटी तयार झाली. कुठून घेतलंय ते जे सांगत नाही, ते खाली ठेवायचं, मग मुखपृष्ठावर कितीही शांत चेहरा असो.

मग मी एसटीनं नगरला गेले. कागदोपत्री नाव बदललं तरी कंडक्टर अजून नगरच ओरडतो. पुस्तकाच्या दुकानात मालकाला म्हटलं, नव्यानं शिकणाऱ्यासाठी बुद्धाचं चांगलं पुस्तक दाखवा.

"शिकणारं कोण आहे?"

"ऊसतोड करते. सातवी झालीय."

त्यानं हसतमुखानं तेच चित्रमय पुस्तक काढलं. म्हातारा, आजारी, प्रेत.

मी म्हणाले, "ती बत्तीस वर्षांची आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत तिनं तुमच्यामाझ्यापेक्षा जवळून बघितलंय. तिला पुढचं हवंय."

इथं मला आवाज चढवावा लागला, आणि मी तो आनंदानं चढवला. कमी शिकलेला माणूस म्हणजे लहान मूल, हा समज आमच्या पुस्तकाच्या धंद्यातला सगळ्यात चिवट समज आहे. नवखा वेगळा आणि अडाणी वेगळा. नवख्याला थोडं द्यावं, पण पातळ करून देऊ नये. ताकात पाणी किती घालायचं हे ज्याला कळतं, त्यानंच पुस्तकं निवडावीत.

मालक जरा दुखावला, पण आत गेला आणि फळीवरून धूळ झटकत एक बारकंसं पुस्तक घेऊन आला. बुद्धाचे संवाद होते. वर मूळ पाली, खाली साधं मराठी. लोक येतात, प्रश्न विचारतात, काही उलट बोलतात, आणि तो कुणाला 'मधी बोलू नको' म्हणत नाही. प्रत्येक संवाद कुठल्या ग्रंथातला ते खाली लिहिलेलं. आणि शेवटी शब्दांचे अर्थ. मी तिथंच उभ्या उभ्या 'वेदना' काढली. सुखाची, दुःखाची किंवा दोन्ही नसलेली अनुभूती, असं लिहिलं होतं. म्हणजे गार पाणी प्यायल्यावर बरं वाटतं तीही वेदनाच. 'संज्ञा' म्हणजे ओळखणं. 'विज्ञान' म्हणजे जाण, भान. सायन्स नव्हे. परतीच्या एसटीत मी एकटीच हसत होते. शेजारच्या आजींनी नातीला मांडीवर घेऊन पलीकडे सरकून घेतलं.

त्या पुस्तकाच्या दोन प्रती आणि आणखी तीन-चार बरी पुस्तकं घेऊन मी आले, आणि ती शेवटच्या कपाटात न ठेवता वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी, नजरेच्या उंचीला मांडली. वर पाटी लावली: 'बुद्ध: इथून सुरुवात करा.' दुसऱ्याच दिवशी आमच्या समितीचे अध्यक्ष आले. बागायतदार, वयानं मोठे, गाव त्यांना आबा म्हणतं.

"बाई, ही पुस्तकं त्या कपाटात हुती."

"होती."

"मग हिकडं कशी आली?"

"चालत नाही आली. मी आणली."

"ज्यांची हायेत ते तिकडं जाऊन घेत्यात की."

"ज्यांची म्हणजे कुणाची, आबा?"

आबांनी खाकरून घेतलं. "तुमाला कळतंय मला काय म्हनायचंय."

"कळतंय. म्हणूनच विचारतेय."

"समितीत विषय काढावा लागंल."

"काढा ना. इतिवृत्त मीच लिहिते. तुम्ही जे बोलाल ते शब्दाला शब्द लिहीन, आणि सही तुमचीच लागेल."

आबांनी विषय काढला नाही. पाटीही तशीच आहे. आबा आता त्या फळीकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचतात, त्यामुळं उजेड त्यांच्या डोळ्यांवर येतो आणि ते डोळे चोळत सरकारला आणखी शिव्या घालतात. माझा इलाज नाही. खुर्ची फिरवायला मी कुणाला मना केलेलं नाही.

अलका दुपारची यायची, निंदणी-खुरपणी उरकून. आम्ही एकेक शब्द घ्यायचो. ती वाचायची, मी शब्दार्थ काढायचे, आणि मग दोघींनी मिळून तो आपल्या घरात आणायचा. तिनं हिरव्या मिरचीवर सगळं बसवलं. ताटात मिरची, ते रूप. जिभेला झोंबली, ती वेदना. ही लवंगी, असं वळखलं, ती संज्ञा. हे सगळं व्हतंय याचं भान, ते विज्ञान.

"संस्कार राह्यला," ती म्हणायची.

संस्काराशी आम्ही हरलो. मनाच्या घडणी, असं शब्दार्थात लिहिलं होतं. दुसऱ्या पुस्तकात म्हटलं होतं, कर्माकडे ढकलणाऱ्या प्रेरणा. मी म्हटलं, मिरची झोंबली की पाण्याकडे हात जातो, तो असेल. अलका म्हणाली, "हात म्हंजी रूप झालं की." मी म्हटलं, मग हात जावासा वाटतो ते. ती म्हणाली, "वाटतं ते तर वेदनेत गेलं." मी तिसरं काहीतरी सुचवलं. ती म्हणाली, "बाई, तुमी मला पटवायला बघताय. तुमाला तरी कळलंय का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या."

समारोपाच्या दिवशी मला बोलावणं होतं. निघताना जाऊबाई ओट्यावरून म्हणाल्या, "तिकडं जाऊन बसनार व्हय? लोकं बघत्यात."

"बघू देत. म्हणून तर बरी साडी नेसलेय."

विहार म्हणजे पत्र्याचा हॉल. दुपारचे चार, ऊन तिरपं, बाहेर चुलीवर पौर्णिमेच्या खिरीचं पातेलं. मी बायकांत मागं सतरंजीवर बसले. पुढं पुरुष, आणि एका बाजूला खुर्चीत गुरुजी. वंदना झाली. अलका पांढरी साडी नेसून बसली, समोर चौरंगावर ते पान. तिनं पहिल्या शब्दाखाली बोट धरलं आणि वाचायला सुरुवात केली. 

चार शब्द तिनं असे सांगितले की मिरचीच्या नावानं लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं. वेदना म्हणजे नुसतं दुखणं नव्हे म्हटल्यावर माझ्या पुढची एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघ, मी म्हनत नव्हते?" तिनं असं कधीही म्हटलं नसणार. मग अलका संस्कारावर आली आणि थांबली.

"हा मला कळला न्हाई," ती म्हणाली.

 गुरुजी म्हणाले, "अर्थ दिलेला असेल ना पुस्तकात? तो वाच आणि पुढं जा."

"वाचता येतं गुरुजी. मनाच्या घडनी, असं हाय. पर मला कळलं न्हाई ते कळल्यावानी वाचून दावनार न्हाई."

"मग आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं हुतं. इसरले न्हाई."

 गुरुजींनी हॉलवर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "ग्रंथपाल बाई आल्यात. पुस्तकं त्यांनी पुरवली. त्यांनी सांगावं."

सगळ्या माना मागं वळल्या. माझी पदवी, माझा कोर्स, माझी बरी साडी, सगळं एकदम अंगावर आलं. मी उठून उभी राहिले. खोटं सांगून वेळ मारून नेणं मला जमलं असतं, शाळेत बक्षिसं त्याचीच मिळाली होती.

"मलाही नाही कळला," मी म्हणाले. "आम्ही दोघींनी मिळून शोधला. गुरुजी, तुम्हाला कळला असेल तर सांगा. आम्ही ऐकायलाच बसलोय."

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. तेवढ्यात वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या भागाबाई, ज्यांना कमी ऐकू येतं आणि म्हणून त्या मोठ्यानं बोलतात, पुढून म्हणाल्या, "गुरुजी, तीन म्हयने तुमी वाचलं. आवाज लई ग्वाड. मला येक शबुद कळला न्हाई. हिनं चार सांगितले, चार कळले. पाचवा हिला कळला न्हाई, त्यो मला बी कळला न्हाई. आता हिचं चुकलं कुठं ते सांगा."

कुणीतरी हसलं. मग बऱ्याच जणी हसल्या. गुरुजी हसले नाहीत, पण खांदे जरा खाली आले. "मला तो पाठ आहे," ते म्हणाले. "पाठ आहे इतकंच."

"मग पुढल्या वर्षी कोन वाचनार?" भागाबाईंनी विचारलं.

"बघू."

"बघायचं न्हाई," अलका म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "आळीपाळीनं वाचायचं. येक दिस तुमी, येक दिस आमी. अन् ज्याला कळत न्हाई त्यानं मधी इचारायचं. तुमी बसला तरी, मी बसले तरी."

 गुरुजी खुर्चीतून उठले, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली आले आणि सतरंजीवर, पुरुषांच्या पहिल्या रांगेच्या कडेला बसले. "ठीक आहे," ते म्हणाले. "मग आता मी विचारतो. तुला चार कळले, पाचवा का अडला? त्यात नेमकं काय अडतंय?"

तिथून जे सुरू झालं त्याला वाचन म्हणता येणार नाही. अलका म्हणाली हे अडतंय, गुरुजी म्हणाले नाही, तसं नाही. एका बाईनं नवऱ्याच्या दारूचं उदाहरण दिलं, नवरा पुढच्या रांगेतच होता. तो म्हणाला, "दुसरं उदाहरन न्हाई का तुला?" भागाबाईंना सगळं दोनदा सांगावं लागत होतं. दुसऱ्यांदा सांगताना प्रत्येकाचं म्हणणं बदलत होतं. मी शब्दार्थाचं पान उघडून मध्ये बसले होते आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. ग्रंथपालाला याहून मोठा मान नाही.

दाराशी पातेल्याजवळ उभ्या असलेल्या बाईनं आत डोकावून विचारलं, "अगं, वाढू का? खीर निवाय लागली."

"निवू दे," गुरुजी म्हणाले.